साटंलोटं

बाई रिटायर झाली की घरात बसते, देवाचं करते, गुडघ्याला तेल लावते. आमच्या मालननं आरशापुढं उभं राहायला सुरुवात केली.

मालन माझी धाकटी जाऊ. आमच्या नांगरवाडीच्या अंगणवाडीत पोरांची नाकं पुसण्यात तिचा जन्म गेला. नारळ आणि शाल देऊन तिला घरी पाठवलं आणि त्याच साली ही थेरं सुरू झाली. सकाळच्या भाकरी उरकल्या की हात धुवायची, पदर खांद्यावर सारखा करायची आणि माजघरातल्या आरशासमोर उभी राहून ओठ हलवायची. आवाज नाही, नुसते ओठ. मधेच मान वर करायची, डोळे बारीक करायची. मी दारात आले की पटकन कंगवा हातात घ्यायची, जणू इतका वेळ केसच विंचरत होती. विंचरायला केस किती राहिले होते ते मला ठाऊक.

"कुणाला दाखवाय नटालीस?" मी विचारलं.

"कुणाला न्हाई, आक्का."

"मग तोंड का उघडं? बोलायचं असंल तर बोल, न्हाईतर मिटून घे. दार सताड उघडं आणि घरात कोण न्हाई, तसं दिसतंय."

तिनं तोंड मिटलं. ती मिटायचीच. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं मला उलटा शब्द दिला नव्हता. रीतभात पाळायची तर ती मालननं. माझ्या मालकांचं नाव हरिबा. थोरल्या दिराचं नाव तोंडानं घ्यायचं नाही हे आमच्याकडं सगळ्याच सुना पाळायच्या, पण मालन हरभऱ्यालासुद्धा हरभरा म्हणायची नाही. 'घोड्याचं खाणं' म्हणायची. अंगणवाडीतल्या पोरांनाही तिनं तसंच शिकवलं, आणि आमच्या गावातली एक अख्खी पिढी दुकानात जाऊन पावशेर घोड्याचं खाणं मागत मोठी झाली.

मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. मालनचा नवरा त्यांच्याही आधी गेला, पोटी काही नाही. माझा मुलगा इचलकरंजीला, सुनेसकट. घरात आम्ही दोघीच. मी बोलायची, ती ऐकायची. सगळं सुरळीत चाललं होतं.

त्यात हा हत्तरगी कंट्रोलर उगवला.

गुरुपाद हत्तरगी म्हणजे तालुक्याच्या स्टँडवर कुठली गाडी कुठं लागली ते कर्ण्यातून ओरडणारा माणूस. नोकरी संपली तरी आवाज संपला नाही. 'पाणी द्या' म्हणाला तरी वाटायचं, आता गाडी सुटणार. त्यानं चावडीशेजारच्या वाचनालयाच्या खोलीत रिटायर माणसांचा वर्ग काढला. मास्तर कुणी नाही. ज्याला जे येतंय ते त्यानं बाकीच्यांना शिकवायचं, आणि आपण त्यांच्याकडून शिकायचं. लाईनमन राहिलेला माणूस फ्यूज बांधायला शिकवायचा, पोस्टातला माणूस मोबाईलवर व्हिडिओ लावायला. दुपारी जेवणं झाली की म्हातारी माणसं काठ्या टेकत निघायची, आणि मालन त्यात सगळ्यांत पुढं.

एकदा हत्तरगी आमच्या सोप्यात येऊन बसला.

"आक्का, तुम्ही बी या. रिटायर माणसानं घरात कुजू नये."

"मी कुठं नोकरीला हुतो म्हणून रिटायर होऊ? बाई घरातनं रिटायर हुती ती चौघांच्या खांद्यावरनं."

"बरं, रिटायर नका होऊ. पण आलासा तर काय शिकवशीला?"

"मी ज्याला शिकवलंय तो जन्मात विसरत न्हाई. त्याला तुमच्या खोलीची गरज न्हाई."

"ते आइकलंय," हत्तरगी म्हणाला, आणि हसून त्यानं आतल्या दाराकडं बघितलं.

दाराआड मालन चहा गाळत होती. तिच्या हातातली गाळणी थांबली. मी दोन बुकं शिकलेली बाई, मला कागदावरचं कमी कळतं, पण परक्या पुरुषानं घरातल्या दाराकडं बघून हसणं मला नीट वाचता येतं.

त्या दिवसापासून मी नजर ठेवली.

पुढं केराबाई आली. केराबाई आमची शेजारीण, तिला गावातलं सगळं ठाऊक असतं, फक्त स्वतःच्या घरचं सोडून. मिरच्या निवडायला बसली आणि देठ मोडता मोडता म्हणाली, "आक्का, एक सांगू? रागावणार न्हाईसा न्हवं?"

"रागावणार. सांग."

"हत्तरगी काल पारावर बसून फोनवर बोलत हुता. म्हणत हुता, बेळेवाडीशी सोयरीक जमली आपली. साटंलोटंच करून टाकू."

"कुणाची सोयरीक?"

केराबाईनं माझ्याकडं न बघता मिरची निवडली. "म्हणाला, आम्ही मालनबाई देतो, तुम्ही तुमचा कंपाउंडर द्या."

साटंलोटं मला काय नवीन नव्हतं. माझ्या चुलतीचं तसंच झालेलं. आपल्या घरची लेक त्यांच्या घरी द्यायची, त्यांची आपल्या घरी आणायची, म्हणजे दोघांचा खर्च भागतो आणि दोघींपैकी एकीलाही माहेरी येऊन रडायची सोय राहत नाही. पण या वयात? आणि लेकीच्या बदल्यात कंपाउंडर?

"कंपाउंडर द्या म्हणजे? घरजावई?"

"मला काय ठावं. मी आइकलं ते सांगितलं."

"लोक काय म्हणतील?" मी म्हणाले. "नलवड्यांच्या घरातली बाई, साठी उलटल्यावर उंबरा ओलांडून गेली. मालकांच्या नावाला काळं."

"तेच तर," केराबाई म्हणाली.

ती गेल्यावर मी चहा करायला उठले. मालन वर्गाला गेली होती. आधण ठेवलं, पावडर टाकली, साखरेचा डबा उघडला आणि चमचा धरून उभी राहिले. माझ्या चहात साखर किती लागते ते मला माहीत नव्हतं. ती मालन घालायची. शेवटी बिनसाखरेचाच प्याले आणि मालकांच्या नावाचा विचार करत बसले. खरं तर विचार मालकांच्या नावाचा नव्हता. ती गेली तर या घरात मी कुणाशी बोलू, हा होता. पण तो केराबाईला सांगायचा नव्हता.

मग त्यांनी तिला बघायला यायचा घाट घातला.

मी मुद्दाम रेशनच्या निमित्तानं चावडीकडून चालले होते. वाचनालयाची खिडकी उघडी होती. आत बेळेवाडीची माणसं बसलेली, दोघे टोपीवाले आणि एक नाकात मोठी नथ घातलेली बाई. समोर मालन. माझ्या पुतणीच्या लग्नातलं मोरपंखी लुगडं नेसलेली, जे ती 'लई भारी हाय' म्हणून ट्रंकेत ठेवून देत होती. मधे कांदेपोह्यांच्या बशा.

"बोलून दाखवा की जरा," नथवाली म्हणाली.

मालन काहीतरी बोलली. खालमानेनं नाही, मान वर करून. मला शब्द ऐकू आले नाहीत, पण टोपीवाला एवढा हसला की त्याला पोह्यातल्या शेंगदाण्याचा ठसका लागला.

"पसंत हाय," खोकून झाल्यावर तो म्हणाला. "आमच्या गावाला पसंत हाय. तारीख धरा."

"मंगळवार धरूया," हत्तरगी स्टँडवरच्या आवाजात म्हणाला. "सकाळच्या गाडीनं मीच घेऊन येतो त्यांना."

मी रेशन न घेता घरी आले.

संध्याकाळी मालन परत आली तेव्हा अंगावर रोजचं जुनेर होतं. मोरपंखी कुठं बदललं, देव जाणे. मी काही बोलले नाही. माणूस पकडायचा तर आधी दार उघडं ठेवावं लागतं. सोमवारी भाकरी थापताना तीच म्हणाली, "आक्का, उद्या बेळेवाडीला जाऊन येतो म्हणतो."

"कशाला?"

"डोळ्याचं शिबिर हाय. म्हणजे सगळीच जाणार हाईत. हत्तरगीसाहेब बी हाईत. दुपारी माघारी येतो. भाकरी करून ठेवतो, कालवण बी करून ठेवतो, तुम्हाला काय बघायला नगो."

"मालन. मी विचारलं ते सांग. विचारलं न्हाई ते मला ठाऊक हाय."

तिनं भाकरी उलटली. बोट भाजलं, ते तोंडात घातलं. "डोळ्याचं शिबिर," ती परत म्हणाली.

"जा," मी म्हणाले. "डोळ्यांनी आरशात तर चांगलं दिसतंय. लांबचं दिसतंय का ते बघून ये."

मंगळवारी ती मोरपंखी लुगडं पिशवीत घालून गेली. पिशवीच्या तोंडातनं पदराचा काठ बाहेर आलेला, मी बघितला. ती गाडी वळणाला लागली आणि मी मागोमाग निघाले. पुढची एस.टी. दुपारची, म्हणून माणसं भरली की सुटणाऱ्या वडापच्या जीपमध्ये बसले. एका बाजूला शेळी, दुसऱ्या बाजूला गॅसची शेगडी घेऊन बसलेला माणूस. वाटेत मी सगळं भाषण मनात बांधलं. आधी कंपाउंडरला, मग हत्तरगीला, आणि मालनला सगळ्यांत शेवटी. तिच्यासाठी शिळं काही वापरायचं नाही, नवीन बोलायचं, असंही ठरवलं.

बेळेवाडीच्या थांब्यावर एक म्हातारा बिडी ओढत बसला होता.

"लगीन कुठं हाय?" मी विचारलं.

"आज कसलं लगीन, आक्का? मंगळवारचा मुहूर्त न्हाई." मग त्यानं बिडी काढली. "साटंलोटं म्हणता व्हय? ते चाललंय की लक्ष्मीच्या देवळात. बसलीत सगळी जाऊन. जावा, जावा, सुरू झालं असंल."

गावानं गावाला उघड सांगावं आणि मला सोडून सगळ्यांना ठाऊक असावं. माझ्या पायांत बळ आलं.

देवळाच्या मंडपात सतरंज्या अंथरल्या होत्या. त्यावर म्हातारी माणसं, बाया एका अंगाला, बापे दुसऱ्या. मी आधी अक्षता बघितल्या. नव्हत्या. हार नव्हते, भटजी नव्हता. मी पदर पुढं ओढून मागच्या खांबाला टेकून बसले, जोडे घालून आलेल्या बाईसारखी, कधीही उठायच्या तयारीत.

हत्तरगी उभा राहिला. "नमस्कार. आपल्या दोन गावांची ही पहिली सोयरीक. आणखी गावं तयार हाईत, पार आजऱ्याच्या अंगापर्यंत. एका गावात येतंय ते दुसऱ्या गावात जाऊ दे, तिथलं हिकडं येऊ दे. शिकणं एस.टी.वानी हाय, एका थांब्यावर चढतंय, दुसऱ्या थांब्यावर उतरतंय. आता कोण म्हणंल ह्याला सोयरीक का म्हणायचं. तर मी आधी नेटवर्क म्हणून बघितलं. नेटवर्क म्हणलं की आपली माणसं मोबाईल वर धरून अंगणात जात्यात."

माणसं हसली. मी हसले नाही. संशय इतक्या लवकर सोडायला मी काही केराबाई नव्हते. कशाच्या तरी आडून लग्नं जमवणारे मी बघितलेत.

"नांगरवाडीनं आपल्याला मालनबाई नलवडे दिल्यात," हत्तरगी फलाटाचा नंबर सांगावा तसा म्हणाला. "विषय, उत्तर देणं."

मालन उभी राहिली. मोरपंखी लुगडं. तोंड मिटलेलं. मला वाटलं, आता हिला घाम फुटणार, ही खाली बसणार.

"तुकाप्पा, या पुढं," ती म्हणाली.

साखर कारखान्यात वजनकाट्यावर राहिलेला एक थोराड म्हातारा पुढं आला. त्याचं गाऱ्हाणं असं, की पेन्शनसाठी वर्षातनं एकदा जिवंत असल्याचं दाखवायला बोट मशीनवर ठेवावं लागतं, आणि याचं बोट उमटत नव्हतं. खिडकीतली पोरगी म्हणायची, बोट जुळत नाही, पुढच्या हप्त्यात या.

"तुम्ही काय म्हणालासा?"

"बरं म्हणालो."

"मग?"

"मग पुढच्या हप्त्यात बी बरं म्हणालो."

"आता मी खिडकीतली. बोला."

तुकाप्पानं छाती फुगवली आणि ओरडला, "ए पोरी, मी काय मेलोय काय?"

देवळातली कबुतरं उडाली. मालन हलली नाही. "ओरडून कुत्रं जातंय, माणूस जाईत न्हाई," ती म्हणाली.

हे वाक्य माझं होतं.

मी खांबाला धरून बसले. परड्यात शिरलेल्या शेजाऱ्याच्या म्हशीमागं मालन ओरडत धावली होती, तेव्हा मी तिला ते म्हणाले होते. त्यात माणसाचा काही संबंध नव्हता, म्हशीचा होता. पण शब्द तेच.

"आधी पदर नीट करायचा," मालन सांगत होती. "तुमचा पदर न्हाई, टोपी नीट करा. हां. घाई न्हाई. समोरच्याला कळू दे की तुम्ही मुक्कामाला आलाय. मग नाव घ्यायचं. ताई-बाई न्हाई, अख्खं नाव, बापाच्या नावासकट. तिथं पाटीवर लिवलेलं असतंय. आणि मग थांबायचं. थांबणं सगळ्यांत अवघड. आमच्या आक्का हितं एवढ्या थांबत्यात की चुलीवरचं दूध उतू जातंय, पण त्या न्हाई."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. तुकाप्पानं टोपी नीट केली, नाव घेतलं, थांबला.

"आता बोला. हळू."

"बोट झिजलंय, माणूस न्हाई," तुकाप्पा हळू म्हणाला, आणि स्वतःच स्वतःकडं बघत राहिला, जणू खिशात न ठेवलेली वस्तू सापडली.

हे माझं नव्हतं. हे तिचंच होतं. पण चाल माझी होती.

मग एक दवाखान्यात आया राहिलेली बाई उठली. तिची सून काही विचारलं की उत्तरच द्यायची नाही, आ वासून मोबाईल बघत राहायची. मालननं तिला दिलं, 'दार सताड उघडं आणि घरात कोण न्हाई.' कुणाला तरी जमिनीच्या कचेरीतला माणूस भलतंच सांगून घालवायचा, त्याला दिलं, 'विचारलं ते सांगा, विचारलं न्हाई ते मला ठाऊक हाय.' आदल्या दिवशीचं ते, अजून ताजं. एकेक वाक्य मला ओळखू येत होतं, सासरी नांदणारी लेक बाजारात दिसावी तसं. तीच, पण लुगडं वेगळं. माझ्या तोंडातनं निघाली तेव्हा ती मालनच्या अंगावर पडली होती. इथं ती परक्या माणसांना काठीसारखी हाताला येत होती. मला राग आला होता हे खरं. पण मान ताठ झाली होती हेही खरं, आणि दोन्ही एकाच वेळी कसं होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

"हे सगळं तुम्हाला शिकवलं कुणी वो?" आयाबाईनं विचारलं.

"आमच्या थोरल्या जाऊबाईनी. रोज."

"मग घरात तुमची लई जुंपत असंल," तुकाप्पा म्हणाला. आता त्याला कंठ फुटला होता.

"न्हाई," मालन म्हणाली. "मी बोलत न्हाई."

"का वो? दुसऱ्यास्नी शिकवताय आणि आपण?"

मालननं पदराचा काठ बोटाला गुंडाळला. पहिल्यांदाच मला माझ्या घरातली मालन दिसली. "आरशापुढं जमतंय," ती म्हणाली. "त्यांच्यापुढं दातापर्यंत येतंय आणि माघारी जातंय."



मी उठले. पदर मागं सारला. "मग आरसा सोड," मी म्हणाले. "मी हाय हितं."

सगळ्या माना वळल्या. हत्तरगी दोन पावलं पुढं आला आणि तिथंच थांबला. मालनच्या बोटातनं पदराचा काठ सुटला. ती खाली बसणार असं परत एकदा वाटलं मला, आणि खरं सांगायचं तर तिनं बसावं असंही वाटलं.

तिनं खांद्यावरचा पदर नीट केला. घाई केली नाही.

"द्वारकाबाई हरिबा नलवडे," ती म्हणाली.

हरिबा. जिनं हरभऱ्याला हरभरा म्हटलं नाही, तिनं भरल्या देवळात थोरल्या दिराचं नाव घेतलं. आणि मग ती थांबली. ती एवढी थांबली की घरात असतो तर दूध खरंच उतू गेलं असतं.

"मी विचारतो ते सांगा. विचारलं न्हाई ते मला ठाऊक हाय. तुम्ही हितं कशाला आलासा?"

जीपमध्ये बांधलेलं सगळं भाषण माझ्यापाशी होतं. तोंड उघडलं, आणि एक शब्द येईना.

"तोंड मिटा, आक्का," मालन हळू म्हणाली. "दार सताड उघडं दिसतंय."



"तुझं लगीन मोडाय आलो," मी म्हणाले.

"कुणासंगं?"

"कंपाउंडरसंगं. साटंलोट्यात."

बाप्यांच्या मागच्या रांगेत एक किरकोळ अंगाचा चष्मेवाला उठून उभा राहिला. "बाई, मी कंपाउंडर," तो काकुळतीनं म्हणाला. "मी तुमच्या गावात बीपी मोजायला शिकवायला येणार हाय. माझी बायको ही हितंच बसलीया." नथवाल्या बाईनं हात वर करून दाखवला.

मग मात्र देऊळ हसलं. हत्तरगी पायरीवरच बसला, त्याला उभं राहता येईना. आणि मालन हसली, तोंडाला पदर न लावता. तिचे मागचे दात पडलेत हे मला त्या दिवशी कळलं. एका घरात राहून.

हसणं ओसरल्यावर हत्तरगी डोळे पुसत म्हणाला, "आक्का, आता आलाच हाईसा तर तुम्ही बी चार शब्द शिकवा की."

"शिकवायचं काय, तिनं सगळं देऊन टाकलंय," मी म्हणाले. "पण एक चुकीचं सांगितलंय तिनं. दूध उतू जाईपर्यंत थांबायचं न्हाई. समोरचा आवंढा गिळंपर्यंत थांबायचं. मघा तिनं मी गिळायच्या आधीच विचारलं."

तुकाप्पानं ते दोनदा पुटपुटून पाठ केलं.

परतीच्या गाडीला वेळ होता. थांब्यावर आम्ही दोघी दगडावर बसलो. हत्तरगी मुद्दाम लांब, पानपट्टीपाशी जाऊन उभा राहिला. मघाचा बिडीवाला म्हातारा अजून तिथंच होता. "झालं व्हय साटंलोटं?" त्यानं विचारलं. मी त्याच्याकडं बघितलं आणि तो उठून गेला.

मालन पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"लगीन वाटलं तुम्हाला," ती म्हणाली.

"व्हय."

"ह्या वयात."

"आरशापुढं उभी राहत हुतीस. मला काय सपान पडतंय तू काय बोलतीस ते?"

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतासा?"

"न्हाई."

"मग." पिशवीचे बंद आवळत तिनंच विचारलं, "तुमची बोली वापरली म्हणून राग आला?"

"आला."

"दादांचं नाव घेतलं म्हणून?"

"त्याचा न्हाई आला. नाव बरं वाटलं कानाला. घरात कुणी घेतच न्हाई." मी पदरानं कपाळ पुसलं. "बाकीचा आला."

ती गप्प बसली. सवयीनं. मग सवय मोडून म्हणाली, "मग बोला की, आक्का. काय ते एकदा बोलून टाका. गाडी याच्या आत."

लांब वळणावर गाडीचा आवाज आला होता. हत्तरगी तिकडून ओरडला की नांगरवाडीची गाडी येत आहे, जणू आम्हाला दिसत नव्हती. मी तिचं तोंड नीट बघून घेतलं. तिनं आवंढा गिळेपर्यंत थांबले.

"मालन शिवराम नलवडे," मी म्हणाले. "चूक तुझी हाय. एवढी उत्तरं तुझ्याजवळ हुती, आणि इतकी वर्सं तू मला एकटीला भांडाय लावलंस."